चान्स घेतलात का?

मैत्रिणींनो, दिवसभरात आपण 'चान्स' हा शब्द किती वेळा उच्चारतो, याचा कधी हिशेब केला आहे का? सकाळी मुलगा खिडकीशी उभा राहून म्हणतो, "आई, पाऊस बघ! आज सुट्टीचा चान्स आहे." दुपारी जाऊबाईंचा फोन येतो, त्यांच्या भाच्याला परदेशी जायचा चान्स आला आहे. संध्याकाळी क्रिकेट बघणारी मंडळी एकदम ओरडतात, "अरे, सोपा चान्स सोडला!" कॉलेजातली मुले कट्ट्यावर कुणाला तरी चिडवतात, "चान्स मारतोस काय रे?" आणि रात्री इस्पितळातून परतलेला माणूस चपला काढता काढता सांगतो, "डॉक्टर म्हणाले, चान्सेस कमी आहेत."

शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी तो 'शक्यता' आहे, दुसऱ्या ठिकाणी 'संधी', चौथ्या ठिकाणी निव्वळ आगाऊपणा आणि शेवटच्या ठिकाणी घरातल्या एका माणसाचा जीव. मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. शक्यता, संधी, योगायोग, जोखीम. मिसळणाच्या डब्यात जिरे, मोहरी, हळद यांच्या वाट्या निदान वेगवेगळ्या असतात. चान्स या शब्दाने मात्र सगळ्या वाट्या एकातच उपड्या केल्या आहेत. परक्या भाषेतला शब्द वापरू नका, असे सांगायला मी बसलेले नाही. टेबल, बस, डॉक्टर हे शब्द आपलेच झाले, तसा चान्सही झाला. पण कोणता चान्स कशात पडतो आहे, हे न पाहता आपण मोठमोठे निर्णय या शब्दावर सोडून देतो, आणि त्यातले बरेचसे निर्णय बाईच्या शरीराशी संबंधित असतात. म्हणून हा प्रपंच.

पडणारा शब्द

हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला, सातएकशे वर्षांपूर्वी. फ्रेंचला तो लॅटिनमधून मिळाला. तिथल्या मूळ धातूचा अर्थ आहे 'पडणे'. फासा टाकल्यावर तो जसा पडेल तो चान्स! त्याच धातूपासून अॅक्सिडेंट हा शब्द झाला, म्हणजे अंगावर येऊन पडलेली गोष्ट. केस हाही त्याच घराण्यातला.

गंमत अशी की, आपल्या मराठीनेही नेमका हाच धातू पकडला आहे. सारीपाटात दान पडते. फासे उलटे पडतात. एखाद्या माणसाशी गाठ पडते, कुणाच्या मदतीची गरज पडते, स्वस्तात घेतलेली साडी शेवटी महागात पडते! जे आपल्या हातात नाही ते 'पडते', ही जाण दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने मिळवली.

आता पुढची पायरी पाहा. पडणारी गोष्ट 'घेता' कशी येईल? इंग्रजीत चान्स घेणे म्हणजे धोका पत्करणे. रस्ता ओलांडताना धावत सुटणारा माणूस चान्स घेतो. आपल्याकडे 'चान्स घेणे' या शब्दांना घराघरांत वेगळाच अर्थ चिकटला आहे. लग्नाला वर्ष झाले की हळदीकुंकवाला हळूच विचारतात, "काय गं, अजून चान्स घेतला नाहीत का?" म्हणजे मूल होऊ देणे. पहिली मुलगी तीन वर्षांची झाली की, "आता दुसरा चान्स कधी?" आणि दोन मुली झाल्या की आवाज एकदम मायाळू होतो, "एक चान्स घेऊन बघा. या वेळी नक्की."

एखाद्या इंग्रज बाईला हे शब्दशः सांगितले तर ती दचकेल. गरोदर राहणे म्हणजे धोका पत्करणे? पण खरे सांगू का, तिचे दचकणे अगदीच अनाठायी नाही.

महिना गेला की

आधी पहिल्या चान्सचे बघू. तरुण, निरोगी जोडप्याने दिवस राहू द्यायचे ठरवले तर एका महिन्यात ते राहण्याची शक्यता साधारण चारांत एक किंवा पाचांत एक इतकीच असते. म्हणजे पहिल्या महिन्यात काही झाले नाही, दुसऱ्यात झाले नाही, तर त्यात नवल काहीच नाही. वर्षभरात मात्र शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जणींना दिवस राहतात. हे आकडे ठाऊक नसल्यामुळे तिसऱ्या महिन्यातच कितीतरी सुना देवळांच्या पायऱ्या चढू लागतात आणि सासवा वैद्यांचे पत्ते काढू लागतात. वर्ष उलटले (वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने), तरच डॉक्टरकडे जायचे. आणि जाताना दोघांनी जायचे, बरं का! ज्यांना मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा जोडीने सापडते. त्याची पहिली तपासणी साधी असते, नमुना द्यायचा नि घरी यायचे. तरी आधी बाईच्या पोटावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते आणि नवऱ्याची तपासणी वर्षभराने, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

दिवस राहिले की चान्स हा शब्द कागदावर छापून समोर येतो. अकरा ते तेरा आठवड्यांच्या सुमारास रक्ताची नि सोनोग्राफीची एक चाचणी करतात. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता त्यातून काढतात. अहवालावर लिहिलेले असते, समजा, '१:२००', आणि पुढे ठळक अक्षरांत 'हाय रिस्क'. बरेच दवाखाने २५० पैकी १ किंवा त्याहून जास्त शक्यता आली की हा शिक्का मारतात. घरी येईपर्यंत त्या मुलीच्या पायातले बळ जाते. सासू विचारते, "काय झालं?" ती सांगते, "बाळात दोष आहे म्हणे."

असे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नसते! १:२०० याचा अर्थ असा की, असाच आकडा आलेल्या २०० गरोदर बायका एका सभागृहात बसवल्या, तर त्यांतल्या १९९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसेल. एकीच्या असेल. ती एक कोण, हे या चाचणीला कळत नाही. ते हवे असेल तर पुढची तपासणी, म्हणजे पोटातून सुईने गर्भजल काढून पाहणे, असा मार्ग असतो. ती करायची की नाही, हे डॉक्टरांशी शांतपणे बोलून ठरवायचे. पण आधी २०० जणींचे ते सभागृह डोळ्यांसमोर आणायचे. डॉक्टरांना सरळ विचारावे, "माझ्यासारख्या किती जणींपैकी किती जणींना असं होतं?" टक्केवारीपेक्षा नि 'हाय-लो'पेक्षा हा प्रश्न पुष्कळ बरा.

'दुप्पट' या शब्दापासूनही सावध राहावे. इंग्लंडमध्ये १९९५ सालच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. वर्तमानपत्रांनी तो मोठ्या मथळ्यात छापला. हजारो बायकांनी त्याच दिवशी गोळ्या टाकून दिल्या. दुप्पट म्हणजे किती? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७००० बायकांत एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्यांनी ७००० त दोघींना. वाढली एक. पण गोळ्या बंद झाल्या आणि नको असलेली गर्भारपणे आली. पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो! ज्या बायकांनी सावधपणा केला, त्यांच्या पदरात काय पडले? इशारा खोटा नव्हता. तो सांगताना खालचा ७००० हा आकडा गाळला, एवढेच झाले.

याच जागी एक 'फिफ्टी-फिफ्टी'वाले लोक भेटतात. "होईल किंवा नाही होणार, दोनच गोष्टी. म्हणजे फिफ्टी-फिफ्टी!" असा त्यांचा हिशेब. मग लॉटरीचे तिकीटही लागेल किंवा नाही लागणार, दोनच गोष्टी की! आपल्या राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. अर्ध्या लोकांना बक्षीस लागले असते तर एव्हाना आपण सगळ्याच बंगल्यात राहायला गेलो नसतो का?

"दोन मुली झाल्या, आता मुलगाच"

आता तो मायाळू आवाज. "दोन मुली झाल्या, आता मुलाचाच नंबर." हे सांगणारी बाई वाईट नसते. तिला मनापासून वाटते की दैव कुठेतरी वही घेऊन बसले आहे, आणि दोन मुली लिहून झाल्या की तिसऱ्या ओळीत मुलगा लिहिणे त्याला भाग आहे.

असे वाटणे फार जुने आहे. मॉन्टे कार्लोच्या जुगारखान्यात १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटच्या चाकावर गोळी सारखी काळ्या घरात पडत गेली. चाकावर लाल नि काळी घरे सारखीच असतात. दहा वेळा काळे, पंधरा वेळा काळे! लोक वेड्यासारखे लालवर पैसे लावू लागले. आता तरी लाल येणारच! काळे आले सलग २६ वेळा, आणि लाखो फ्रँक जुगारखान्याच्या तिजोरीत गेले. गोळीला मागचे काही आठवत नाही, हे त्या सुटाबुटातल्या लोकांच्या ध्यानातच आले नाही.

त्याच्याही शंभर वर्षे आधीची हकीगत मला जास्त आवडते. लाप्लास नावाचा मोठा फ्रेंच गणिती होता. शक्यतांच्या शास्त्रावरचे त्याचे पुस्तक १८१४ साली निघाले. त्यात तो सांगतो की, मुलगा व्हावा म्हणून आसुसलेले काही बाप त्याने पाहिले. बायकोचे दिवस भरत आले की, गावात त्या महिन्यात किती मुलगे जन्मले याची ते चौकशी करीत. मुलगे जास्त झाल्याचे कळले की त्यांचा चेहरा पडायचा. वाट्याचे मुलगे संपले, आता आपल्याला मुलगीच होणार! लाप्लासच्या काळातले लोक हो हे! मग आपल्या मामींना काय म्हणून हसायचे?

तुम्ही घरी एक करून बघा. दुपारची भांडी झाली की टेबलाशी बसा, एक रुपयाचे नाणे घ्या आणि शंभर वेळा उडवून छापा की काटा ते वहीत लिहा. मुलांना सुट्टीत बसवलेत तर तासभर शांतताही मिळेल. शंभरांत साधारण अर्धे छापे येतील, पण कुठेतरी सलग पाच, कधी सहा छापे किंवा काटे ओळीने आलेले जवळजवळ हमखास सापडतील. त्या ओळीनंतरची नाणी बघा. पाच छाप्यांनंतर काटा 'यायलाच हवा' असे नाण्याला कधी वाटलेले दिसणार नाही.

बाळाच्या जन्माचेही तसेच. कुणी ढवळाढवळ केली नाही तर दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे जवळजवळ अर्धाअर्धाच. ज्यांना तीन मुले आहेत अशी शंभर घरे घेतली तर त्यांतल्या अकरा-बारा घरी तिन्ही मुली असतील, नि तेरा-चौदा घरी तिन्ही मुलगे. पहिल्या घरांना आपण 'बिचारी' म्हणतो, दुसऱ्यांना कुणी कधी बिचारी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आणि ज्या घरात दोन मुली आहेत तिथे तिसऱ्या खेपेला मुलगा होण्याची शक्यता किती? पहिल्या खेपेला होती तेवढीच. चान्स वाढलेला नसतो, वाढलेली असते ती फक्त घरातल्यांची उतावीळ.

पिठातली अळी

"पण हिलाच मुली होतात," हे वाक्य अजून संपलेले नाही. त्याचे उत्तर १९०५ साली मिळाले आहे, आणि ते एका बाईने दिले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेटी स्टीव्हन्स ही अमेरिकेतल्या एका सुताराची मुलगी. बरीच वर्षे तिने शाळेत शिकवले, पैसे साठवले आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर विद्यापीठात नाव घातले. पुढे ब्रिन मॉर या बायकांच्या कॉलेजात ती संशोधन करू लागली. तिने अभ्यासायला घेतली ती साठवणीच्या पिठात, धान्यात होणारी अळी! आपण जिला चाळून अंगणात फेकतो तसलीच. सूक्ष्मदर्शकाखाली तिला दिसले की, मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे असतात, नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटे. नराचे शुक्रजंतू दोन प्रकारचे होतात, अर्ध्यांत मोठे गुणसूत्र, अर्ध्यांत ते छोटे. मादीच्या बीजाला पहिल्या प्रकारचा जंतू मिळाला तर मादी, दुसऱ्या प्रकारचा मिळाला तर नर. माणसातही रीत तीच. बाईचे बीज दर खेपेला एकाच जातीचे असते, दोन तऱ्हेचे फासे पुरुषाच्या हातात असतात. आणि ते फासेही तो मुद्दाम टाकीत नाही, पडतात तसे पडतात. तेव्हा दोष त्याच्याही माथी मारायचे कारण नाही. नेटी स्टीव्हन्स १९१२ साली, पन्नाशीत, स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिला धड प्राध्यापकी मिळायलाही उशीर झाला आणि मरण मात्र लवकर आले.

मुलगा होण्यासाठी अमुक खा, तमुक तिथीला जवळ या, अशी पुड्यांची नि गोळ्यांची दुकाने चालतात ती या अर्ध्या शक्यतेवर! औषध घेणाऱ्या शंभर बायकांपैकी एक्कावन्न जणींना काहीही न करता मुलगा होतोच. त्या पेढे घेऊन येतात, उरलेल्या एकोणपन्नास तोंड दाखवीत नाहीत. इतका बिनभांडवली धंदा दुसरा नसेल.

कुणीतरी फासा धरला

चान्स या शब्दाला गणितात मानाचे पान मिळाले तेच मुळी जुगारामुळे आणि जन्मनोंदींमुळे. जॉन आर्बथनॉट हा राणी अॅनचा वैद्य. 'चान्सचे नियम' अशा नावाचे एक पुस्तक त्याने १६९२ मध्ये इंग्रजीत आणले होते. पुढे त्याने लंडनच्या चर्चांतल्या बाप्तिस्म्याच्या वह्या काढल्या. १६२९ ते १७१० अशी ८२ वर्षांची नोंद होती, आणि दरसाल मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्त होते. एकही वर्ष उलटे नाही! नाणे ८२ वेळा उडवून ८२ वेळा छापाच पडेल का? तेव्हा हा नुसता चान्स नाही, यामागे कुणाचा तरी हात आहे, असे त्याने म्हटले. हात देवाचा, असे त्याचे मत.

आता आपल्या वह्या उघडू. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. निसर्गाच्या हिशेबाने हा आकडा ९५० च्या आसपास राहायला हवा. आर्बथनॉटला ज्या पद्धतीने देवाचा हात दिसला, त्याच पद्धतीने इथे माणसाचा हात स्पष्ट दिसतो. हे दान पडलेले नाही, कुणीतरी फासा धरून ठेवला आहे.

मघाशी सांगितलेली गर्भजलाची तपासणी आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली ती बाळातले दोष शोधण्यासाठी. पण मुलगा की मुलगी हेही तीत कळते म्हटल्यावर तिचा भलताच उपयोग सुरू झाला. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९८८ साली महाराष्ट्राने असा कायदा सगळ्या राज्यांत आधी केला. देशाचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. लिंग सांगणे, विचारणे, त्याची जाहिरात करणे, सगळेच गुन्हा आहे. कायद्याच्या भीतीने 'चान्स घेऊन बघू' या वाक्याला एक तळटीप मिळाली. ती कुणी मोठ्याने वाचत नाही.

आणि जिथे तपासणी झाली नाही तिथे काय झाले? मुली जन्मल्या, आणि त्यांची नावे 'नकुशी' ठेवली गेली. नको असलेली! २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींना समारंभाने नवी नावे दिली. पटावर नाव बदलले, ते चांगलेच झाले. पण शाळेत हजेरीला जिने सात-आठ वर्षे 'नकुशी' या हाकेला 'हजर' म्हटले, तिच्या आईबापांनी घेतलेल्या चान्सची किंमत कुणी भरली, ते सांगायला नको.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळे वापरीत, आपल्या त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा. त्या सूक्तातला जुगारी स्वतःच कबूल करतो की सासू त्याचा तिरस्कार करते, बायको त्याला जवळ येऊ देत नाही, आई मागे झुरत राहते. तीन हजार वर्षांपूर्वी ज्याने ते रचले त्याला एवढे ठाऊक होते की, फासा एकाच्या हातून सुटतो आणि लागतो घरातल्या बायकांना. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला तो हाच होता. मला पणाला लावायचा अधिकार तुम्हाला होता का?

"आम्ही चान्स घेतोय," असे नवरा सांगतो तेव्हा त्या 'आम्ही'त कोणाचे काय पणाला लागलेले असते, ते जरा मांडून पाहावे. पहिली दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली असतील तर तिसऱ्या खेपेला वार जुन्या टाक्यांच्या जागी खोल रुतून बसण्याची, अतोनात रक्तस्राव होण्याची, प्रसंगी गर्भाशयच काढावा लागण्याची शक्यता वाढते, आणि दर सिझेरियनला ती वाढतच जाते. नाणे मागचे विसरते. शरीर काही विसरत नाही! मुलगा होण्याचा चान्स तिन्ही वेळा तेवढाच, बाईच्या जिवाचा धोका मात्र चढता. हा हिशेब घरात कुणी मोठ्याने करीत नाही, कारण दोन्हींना आपण एकच शब्द लावतो.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. दोन मुली, दोन्ही सिझेरियन. घरात सगळ्यांचे ठरले होते, अजून एकदा. डॉक्टरीणबाईंनी आधी सासूबाईंचे ऐकून घेतले, मग नवऱ्याचे, आणि दोघांना बाहेर बसायला सांगून हिला विचारले, "तुला हवंय का?" ती म्हणाली, "त्यांनी चान्स घ्यायचं ठरवलंय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते कळलं मला. तुला हवंय का, ते सांग." या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ तयार नव्हते. तिला तो आजवर कुणी विचारलाच नव्हता. तिने आठवडाभर मागून घेतला.

पुढच्या खेपेला ती नवऱ्याला घेऊन गेली. ऑपरेशन त्याचे झाले. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. पोट उघडावे लागत नाही, तेवढीच जागा बधिर करतात, वीसेक मिनिटांत काम होते, आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. पुढचे तीन महिने मात्र दुसरे साधन वापरावे लागते आणि मग एकदा तपासून घ्यावे लागते. हे ज्यांना ठाऊक नसते ते तिथे खरोखरीच चान्स घेतात.